याला काही अर्थ आहे का?

निवृत्त माणसाने काय काय करू नये याची एक यादी हिला तोंडपाठ आहे. पहाटे उठून भांडी वाजवू नयेत, भाजीवाल्याला हिशेब शिकवू नये, सोसायटीच्या सभेत "माझा एक मुद्दा राहिला" असे म्हणून उभे राहू नये, वगैरे वगैरे. या यादीत 'मोटारसायकल वाहून नेण्यासाठी ट्रेलर बनवू नये' असे कलम मात्र नव्हते. माझा गुन्हा असलाच तर एवढाच की, त्या फटीतून मी निसटलो.

"अहो, याला काही अर्थ आहे का?" हिने पहिल्याच दिवशी विचारले.

हा प्रश्न पुढे चार महिने दर रविवारी सकाळी, मी जीपची किल्ली शोधायला लागलो की, विचारला जात असे. त्याचे उत्तर अखेर मिळाले. पण ते एका वीस वर्षांच्या पोराने दिले, आणि उत्तर 'नाही' असे होते. तो प्रसंग ओघात येईलच.

गोष्टीची सुरुवात राजदूतपासून. वडिलांनी १९७८ साली उसाचे पैसे आले तेव्हा ती घेतली. १९७३ च्या 'बॉबी'त ऋषी कपूर डिंपलला मागे बसवून ज्या राजदूतवरून पळाला ती हिची नाजूक धाकटी बहीण. आमची थोरली. अंगापिंडाने मजबूत, आवाजाने खणखणीत. दोन बाजूंना दुधाच्या किटल्या, मागे पेंडीचे पोते आणि उरलेल्या जागेत चालवणारा, अशी तिची बैठकव्यवस्था असे. गेली चाळीस वर्षे मात्र ती राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर, गोठ्याच्या पडवीत, गोणपाटाखाली उभी होती. इंजिन जाम, टायर मातीला मिळालेले, आणि सीटमध्ये कोंबडीने एकदा अंडी घातलेली.

एक दिवस दादाचा फोन आला.

"पडवी पाडून नवी बांधायचीय. राजदूत घेऊन जा. तुझ्याकडं राहील."

"टेम्पो पाठवतो," मी म्हणालो.

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग दादा म्हणाला, "आरे, भंगारवाला नेतो तशी न्यायची का तिला? आबांची गाडी हाय ती. टेम्पोत आडवी टाकून नेली तर गाव काय म्हणंल?"

"मग कशी नेऊ?"

"बघ आता, तू शिकलेला."

चौतीस वर्षे बँकेत नोकरी केलेल्या माणसाला 'तू शिकलेला' म्हटले की तो कुठलेही कर्ज मंजूर करतो. मी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे ठरवले : आपल्या जीपला मागे एक छोटा ट्रेलर जोडायचा, त्यावर राजदूत ताठ उभी करायची, आणि पाहुणी आणावी तशी नगरला आणायची.

घरात ही घोषणा केल्यावर सून म्हणाली, "बाबा, कुठल्या पिक्चरचा ट्रेलर?"

मला या प्रकल्पाची भीती वाटली नाही, याला कारण आमचा जिल्हा. आमचे नगर (२०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर) हे चाकांचे गाव आहे. लष्कराच्या जवानांना रणगाडे चालवायला शिकवणारे केंद्र इथे. रणगाड्यांचे संग्रहालय इथे, ते १९९४ पासून. लष्करी वाहने घडवून, तपासून, खडकाळ रस्त्यावर बदडून बघणारी व्हीआरडीई नावाची संस्था इथे. १९७२ साली आलेली आणि निम्म्या महाराष्ट्राला पेडल मारून चालू करायला लावणारी लूना नगरच्या कारखान्यात बनत असे. आणि ट्रेलरचे तर विचारूच नका. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ रोवल्यापासून या जिल्ह्यात हिवाळ्याची खूण थंडी नव्हे, उसाची ट्रॉली. ट्रॅक्टरच्या मागे एक, तिच्या मागे दुसरी, दोन्हींवर ऊस असा रचलेला की चालता डोंगर वाटावा. अशा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला एक चिमुकला ट्रेलर जमू नये?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग करू देणार नाहीत हे मला ठाऊक होते, कारण तो नियम मीच सभेत मांडलेला होता. म्हणून काम वस्तीवर करायचे ठरले. तिथे शेजारच्या गावात ट्रॉल्या बनवणारा एक वेल्डर होता. मी त्याच्यापुढे आलेखाच्या कागदावर काढलेला नकाशा उलगडला.

"किती टनाचा करायचा?" त्याने विचारले.

"टन नाही. गाडी दीडशे किलोच्या आतबाहेर असेल."

त्याने माझ्याकडे, मग नकाशाकडे, मग दादाकडे पाहिले. "दादा, एवढ्या वजनाचा तर आमच्याकडं हेल्पर हाय."

तरी भला माणूस. त्याने सात फूट बाय चार फुटांची चौकट जोडून दिली. एका मोडीत निघालेल्या छोट्या मोटारीचा मागचा अक्सल, तिचेच पाटे आणि तिचीच चाके मिळाली. मधोमध राजदूतची चाके बसतील असे लोखंडी चॅनल, पुढे चाक अडवायला एक कमान, चार कोपऱ्यांना पट्टे बांधायच्या कड्या. पुढे जीपच्या गोळ्यावर बसणारा हूक आणि त्याच्या जोडीला, हूक निसटलाच तर म्हणून, दोन साखळ्या. सगळे माझ्या नकाशाबरहुकूम. नकाशात एकच बारीक चूक होती. अक्सल मी बरोबर मध्यावर काढला होता. न्याय म्हणजे समतोल, अशी आपली समजूत.

फळी लावून राजदूत मागून चढवायला घेतली. दादाचा नातू हौसेने ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बसला होता. राजदूतचे पुढचे चाक वर आले, मागचे चाक ट्रेलरच्या कडेला टेकले, आणि नातू शांतपणे हवेत गेला. दांडा वर, शेपूट खाली. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा तो वरून आम्हांला हात करत होता. वहिनी स्वैपाकघरातून धावत आल्या.

"भाऊजी, मोटारसायकल न्यायचीय का पोरगं?"

त्या दिवशी मला ट्रेलरविद्येचा पहिला धडा मिळाला. वजन मध्यावर नव्हे, जरासे पुढे हवे. एकूण भाराचा साधारण दहावा हिस्सा हुकावर पडला पाहिजे. त्याहून फार कमी पडला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवायला लागतो, आणि मग शेपटीच कुत्र्याला हलवते. फार जास्त पडला तर ओढणारी गाडी मागे बसते. वेल्डरने न बोलता अक्सल अर्धा फूट मागे सरकवला. 'मला आधीच ठाऊक होतं' असे तो म्हणाला नाही, पण अक्सलचे बोल्ट त्याने पहिल्यापासून सैलच ठेवलेले होते.

हुकावरचे वजन मोजायला मी घरून हिचा वजनकाटा नेला. गाडी आणि ट्रेलर मिळून भार अडीचशे किलोंच्या आसपास, आणि हुकावर भरले सव्वीस किलो. उत्तम! मात्र त्या रविवारपासून तो काटा कोणीही उभे राहिले तरी सव्वीसच दाखवतो. हिची त्याबद्दल काही तक्रार नाही.

मग मी ट्रेलरला रंग दिला. एक हात नाही, तीन हात. बोल्ट काढून त्यांच्या खालीसुद्धा दिला. बँकेत मला कोणी कधी कोपरा सोडलेला पाहिलेला नाही. हे रंगाचे लक्षात ठेवा. पुढे तो नडणार आहे.

आता न्यायला काही हरकत नाही, असे मी जाहीर केले. दादा गोठ्याच्या कट्ट्यावर बसून बघत होता. तो म्हणाला, "दिवे कुठायत?"

"दिवसाच नेणार आहे रे. चाळीस किलोमीटर तर जायचंय."

"दिवे लागल्याबिगर हा इथून हलायचा नाय."

त्याचा आवाज चढला नव्हता. पण त्याने काठी उचलली आणि उठून तो आत गेला. तो चालायला लागला की त्याचा पाय दिसतो, आणि पाय दिसला की मी गप्प बसतो.

जानेवारी १९८४. मी तेव्हा पुण्यात होतो, आणि संक्रांतीला दुपारच्या एस. टी.ने येतो असे कळवले होते. दादा दुपारी राजदूत घेऊन राहुरीच्या स्टँडवर आला, तास-दीड तास थांबून परत गेला, आणि रात्री शेवटच्या गाडीसाठी पुन्हा निघाला. नगर–मनमाड रस्त्यावर उसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, लाल फडके नाही, चाकाला लावलेले दोन दगड तेवढे होते. अंधारात काळा ऊस दिसत नाही. मी स्टँडवर वाट पाहून, रागारागाने पायी निघालो होतो. रस्त्यात कंदील घेतलेली माणसे उभी दिसली तेव्हाही मनात शिव्याच होत्या.

दादा वाचला. पाय दोन ठिकाणी मोडला होता, तो जुळला पण आखूड जुळला. गाडीला किक मारणे त्याला पुन्हा जमले नाही. राजदूत दुरुस्त होऊन आली आणि पडवीत उभी राहिली. मला उशीर का झाला, असे कोणी विचारले तेव्हा एस. टी. बंद पडली होती, असे मी सांगितले. तेच आजवर चालत आले होते.

तेव्हापासून गळीत हंगाम सुरू झाला की दादाचा एक उद्योग असतो. तो वस्तीच्या वळणावर खुर्ची टाकून बसतो आणि जाणारी प्रत्येक ट्रॉली थांबवतो. पूर्वी हातात लाल रंगाचा डबा आणि कुंचला असे. मग बाजारात रेडियमची पट्टी आली, तेव्हा पट्टीचे रीळ आले. ट्रॅक्टरवाला किती का घाईत असेना, मागे दोन पट्ट्या चिकटवल्याशिवाय दादा त्याला सोडत नाही. पट्टीचे पैसे घेत नाही. नवखे ट्रॅक्टरवाले त्याला सरकारी माणूस समजतात आणि त्याच्यापुढे गुपचूप कागद काढतात.

तेव्हा दिवे लावणे आले.

दिव्यांचे शास्त्र मी दोन दिवसांत वाचून काढले. मागे दोन लाल दिवे. त्यांत दोन तारांचे बल्ब, पाच वॅटची तार रात्रभर मिणमिणायला आणि एकवीस वॅटची ब्रेक दाबला की भडकायला. दोन बाजूंना पिवळे इंडिकेटर, तेही एकवीस वॅटचे. जीपची बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे एकवीस वॅटचा एक बल्ब पावणेदोन अँपिअर खाणार. वहीत मी पाने आखून बल्बवार खर्च मांडला. वायरी मात्र दुकानात सवलतीत मिळाल्या म्हणून सगळ्या काळ्या घेतल्या. सवलतीत वाचलेले साठ रुपये मला पुढे तीन रविवारांना पडले, कारण कुठली काळी कुठल्या काळीला जोडायची हे फक्त ब्रह्मदेवाला ठाऊक.

अखेर जोडणी झाली. मी जीपमध्ये बसलो, दादा ट्रेलरच्या मागे उभा राहिला. ज्याने कोणी कधी गाडीचे दिवे तपासले असतील त्याला पुढचा संवाद पाठ असेल.

"डावा लावतो! लागला?"

"लागला!"

"कुठला?"

"उजवा!"

"अरे, मी डावा लावलाय!"

"तुझा डावा का माझा डावा?"

दादा ट्रेलरकडे तोंड करून उभा होता की पाठ करून, यावर दहा मिनिटे गेली. तो तोंड करूनच उभा होता, म्हणजे आमचा डावा एकच होता आणि चूक माझ्या काळ्या वायरींची होती, हे सिद्ध झाले. त्या उलटसुलट केल्या. मग खरा तमाशा सुरू झाला.

"ब्रेक दाबतो!"

"सगळंच लागलं! बारीक बारीक! इंडिकेटर बी लागला!"

"आता मागचे लाल लावतो, आणि इंडिकेटर देतो!"

"पिवळा लागला की लाल विझतंय, लाल लागलं की पिवळा विझतोय! दोघांत भांडण लागल्यागत झालंय!"

नातू ट्रेलरचा दांडा हलवून बघे, तेव्हा क्षणभर सगळे दिवे बरोबर लागत आणि पुन्हा वेडे होत. म्हणून त्याला दांडा हलवण्याच्या कामावर कायम नेमावे, अशी सूचना वहिनींनी केली.

मी बल्ब बदलले. दोन रविवार बल्बच बदलत होतो. मग इंडिकेटरचा डबा बदलला. घरी आलो की हिचा प्रश्न ठरलेला.

शेवटी दादाने राहुरीहून वायरिंगवाला पोरगा बोलावला. पोरगा मोटारसायकलवर आला, कानातले गाणे काढले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, आणि मला म्हणाला, "काका, याला अर्थच नाही."

मी चमकलो. ही याला फितूर आहे की काय, असे क्षणभर वाटले.

"म्हणजे?"

"म्हणजे अर्थ नाही. अर्थिंग! ट्रेलरला अर्थ कुठून दिलाय?"

"ट्रेलर लोखंडाचा, जीप लोखंडाची. हुकातून लोखंडाला लोखंड लागलेलंच आहे की."

"लागलंय कुठं? हुकात तुम्ही बोटभर ग्रीस भरलंय. वर तीन हात रंग. गोळा हलला की टेकतो, परत हलला की सुटतो." त्याने खिशातून हातभर वायरचा तुकडा काढला. एक टोक ट्रेलरच्या एका खरवडलेल्या बोल्टला लावले, दुसरे जीपच्या उघड्या बोल्टला. "आता दाबा ब्रेक."

दोन्ही लाल दिवे लखकन लागले. इंडिकेटर आपल्या जागी गप्प होते.

मी खाली उतरून त्याच्यापुढे उभा राहिलो. पोरगा समजावून सांगायला लागला. करंट बॅटरीतून निघतो, वायरीतून बल्बापर्यंत जातो, हे सगळे बघतात. पण बल्बातून तो परत बॅटरीत आला पाहिजे, तरच दिवा लागतो. जीपमध्ये तो गाडीच्या अंगातून, लोखंडातून परत येतो, म्हणून कोणाला त्याचा पत्ता नसतो. ट्रेलरचे अंग वेगळे. तिथून परत यायला वाट नसली की करंट दुसऱ्याच्या घरात घुसतो. ब्रेकचा इंडिकेटरच्या बल्बातून, इंडिकेटरचा लालच्या बल्बातून. मग सगळेच अर्धवट पेटतात.

"तुम्ही जायच्या वायरी चार टाकल्या, काका. एकदम भारी टाकल्या. परत यायची एक टाकली नाही."

चौतीस वर्षे मी नावे आणि जमा लिहीत आलो. एका बाजूला रक्कम मांडली की दुसऱ्या बाजूला ती दिसलीच पाहिजे, नाहीतर रात्री दहापर्यंत कोणी घरी जायचे नाही, असे मी किती कारकुनांना सुनावले होते. आणि इथे चार महिने नुसते नावेच टाकत बसलो होतो.

पोराने माझा तीन हात रंग दोन ठिकाणी पांढऱ्या लोखंडापर्यंत खरवडला, तेव्हा मला दाढ काढल्यासारखे वाटले. जाड वायरला थिंबल दाबून, खाली दातेरी वॉशर घालून, बोल्ट आवळले, आणि ती वायर सॉकेटमधून थेट जीपच्या अंगाला दिली. काम अर्ध्या तासाचे. जाताना म्हणाला, "कुठंही दिवे येडे झाले ना काका, की बल्ब बघायचा नाही. आधी अर्थ बघायचा."

मी त्या रात्री हिला विजयाने सांगितले, "अर्थ सापडला!"

"किती रुपये?" ही म्हणाली.

पुढच्या रविवारी राजदूत आणायची म्हणून शनिवारी मी आमच्या शेजारच्या सुभेदारसाहेबांना आमंत्रण द्यायला गेलो. हयात रणगाड्यांत गेलेला माणूस. नगरला आले आणि निवृत्तीनंतर नगरचेच झाले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "रजिस्ट्रेशन?"

"कशाचं? त्याला इंजिन कुठं आहे?"

त्यांनी मला घरी जाऊन कायदा वाचायला सांगितले. मी वाचला. १९८८ चा मोटार वाहन कायदा, कलम दोन, पोटकलम अठ्ठावीस. त्यात 'मोटार वाहन' म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि व्याख्येत शब्द आहे, ट्रेलर! इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही, तरी कायद्याच्या डोळ्यांना माझा ट्रेलर म्हणजे मोटार. आणि मोटार म्हटली की नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही. नोंदणी हवी तर बनावट मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेली हवी. त्या संस्थांच्या यादीत पहिले नाव आमच्याच गावच्या व्हीआरडीईचे. म्हणजे जिथे लष्कराच्या गाड्यांची परीक्षा होते, तिथे माझ्या सात बाय चारने बसायचे!

रविवारी वस्तीवर गेलो ते तोंड पाडूनच. दादाला कलमासकट सगळे सांगितले. मला वाटले तो चिडेल. तो म्हणाला, "रस्त्यावर न्यायचा नाय, एवढंच ना? आपल्या बांधावर तर चालंल?"

"बांधावर कोण विचारतंय?"

"मग चढव राजदूत."

राजदूत चढवली. पुढचे चाक कमानीत अडकवले, हँडलला दोन्हीकडून पट्टे टाकून पुढचा भाग जरा खाली दाबून आवळला, मागून दोन पट्टे. ती ताठ उभी राहिली. वहिनींनी तिला हळदकुंकू लावले. दादा म्हणाला, अंधार पडू दे.

दिवेलागणीला मी जीप चालू केली. गोठ्यापासून विहिरीपर्यंत आमची स्वतःची वाट आहे, तीन-चारशे पावलांची, शेवटी वळण. दादा गोठ्याशीच काठी टेकून उभा राहिला. मी सावकाश विहिरीपर्यंत गेलो, ब्रेक दाबला, डावा इंडिकेटर दिला, वळलो, थांबलो. आरशात लांबवर दादाचा पांढरा सदरा तेवढा दिसत होता.

"दिसतंय का?" मी ओरडलो.

उत्तर आले नाही. मी परत फिरून आलो तरी तो तसाच उभा होता.

"लांबून दिसतंय," तो म्हणाला. "वळणाच्या पल्याडूनबी दिसतंय." मग जरा वेळाने, "एवढंच पायजे असतं."

अंधार होता म्हणून बोलवले. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी एस. टी. बंद पडली नव्हती. दुपारची गाडी मी सोडली. पुण्यात मित्रांबरोबर मॅटिनीला गेलो होतो."

"ठाऊक हाय."

"कसं काय?"

"तुझी पँट धुताना आईला तिकिटाचा तुकडा सापडला व्हता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणलं कवातरी." त्याने ट्रेलरच्या दिव्यावरची धूळ उपरण्याने पुसली. "पिक्चर कुठला व्हता? भिजल्यामुळं वाचता आलं नव्हतं."

मी पुष्कळ आठवले. खरेच आठवेना.

"आठवत नाही रे."

"मग काय उपयोग!" दादा म्हणाला, आणि आम्ही दोघे हसायला लागलो. नातू हसण्याचे कारण विचारत राहिला.

पडवी अजून पाडलेली नाही. राजदूत तिथेच उभी आहे. आता गोणपाट काढले आहे, आणि इंजिन सुटते का ते बघायला मी दर रविवारी जातो. एरवी मी वर्षातून दोनदा जायचा, पोळ्याला आणि दिवाळीला. वहिनी विचारतात, "भाऊजी, गाडी नेणार कधी?" दादा परस्पर सांगतो, "ट्रेलरचे कागद झाले की." मी म्हणतो, होतील सावकाश.

ट्रेलर रिकामा राहू नये म्हणून दादा त्यातून घास आणि कडवळ आणतो, जीप माझी. सबंध राहुरी तालुक्यात गोठ्याकडे वळण्याआधी इंडिकेटर देणारा वैरणीचा गाडा एवढाच असावा. गाईंना तो पाठ झाला आहे. डावा पिवळा लागला की त्या हंबरतात.

मागच्या रविवारी ही पण माझ्याबरोबर आली होती. तिने ते सगळे पाहिले, गाईंचे हंबरणे ऐकले, आणि तोंड उघडले. मी तयारच होतो.

"अहो," ही म्हणाली, "येताना माझा वजनकाटा तेवढा इथेच राहू द्या."